ताराबाई शिंदे यांचा निबंध आणि बोलते यंत्र : वाशीमच्या वऱ्हाडी बोलीच्या अनुषंगाने

इ. स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुष तुलना' या नावाचे एक लहानसे पुस्तक छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. आधुनिक भारतात स्त्रीने स्त्रीच्या बाजूने लिहिलेल्या आद्य विवेचक ग्रंथांत आज या पुस्तकाची गणना होते. ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. एडिसनने ध्वनिलेखक यंत्र सिद्ध केले ते १८७७ मध्ये, म्हणजे या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी. परंतु हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणे मुद्रित होऊ लागले ते १९०२ मध्ये, कलकत्त्यास, आणि तेही गौहरजान यांच्यासारख्या व्यावसायिक गायिकांचे. बुलढाण्याच्या एका मराठा घरातील स्त्रीचा आवाज कोणी मुद्रित करून ठेवावा असा तो काळ नव्हता. तेव्हा ताराबाईंचे जे काही उरले आहे ते कागदावर उरले आहे.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ऐतिहासिक व्यक्तींना 'बोलते' करण्याची साधने आता सर्वत्र हाती आली आहेत. प्रश्न तोंडाने विचारावा आणि उत्तर कानाने ऐकावे, अशी सोय असलेले भ्रमणध्वनी वाशीम जिल्ह्यातील रिसोड किंवा मानोऱ्याच्या विद्यार्थिनीच्याही हाती असतात. थोर स्त्रियांची चरित्रे या मार्गाने शिकवावीत हा विचार त्यातून स्वाभाविकपणे पुढे येतो. वऱ्हाडापुरता तो करावयाचा तर पहिले नाव ताराबाईंचेच घ्यावे लागेल. मात्र यंत्राला बोलावयास लावण्यापूर्वी त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय आहे, ते कोणाच्या उच्चारात सांगितले जाणार, आणि विचारणारीचा प्रश्न त्याला नीट ऐकू येणार का, या तीन गोष्टी तपासून पाहणे अवश्य आहे. त्यांपैकी तिसरी गोष्ट विशेषेकरून भाषाशास्त्राच्या कक्षेतील असल्याने तिचा विचार येथे काहीसा विस्ताराने केला आहे.

प्रथम चरित्र. ते एका परिच्छेदात मावते. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. १८७१ मध्ये सुशिक्षित एतद्देशीयांना उद्देशून त्यांनी एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचे लग्न झाले, पण पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहिले, अपत्य नव्हते. या घराण्याचा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक मंडळींशी निकटचा संबंध होता. जन्म १८५० च्या सुमाराचा व मृत्यू १९१० च्या सुमाराचा मानतात. ही दोन्ही वर्षे ठोकळ आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ग्रंथाचे निमित्त मात्र चांगले ठाऊक आहे. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले नवजात अर्भक मारल्याचा आरोप शाबीत होऊन तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली; अपिलात ती सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, नीतीविषयी लेखांची झोड उठली. 'पुणेवैभव' पत्रातील अशाच एका लेखाने ताराबाई संतापल्या आणि त्यांनी लेखणी उचलली. विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी केली, तिला फसविणारा पुरुष खटल्यात कोठे असतो, आणि दोघांच्या कृत्याचे शासन एकटीनेच का भोगावे, हे त्यांचे मूळ प्रश्न आहेत. पण त्या तेथे थांबत नाहीत. पुराणांतील देवांचे वर्तन, शास्त्रकारांचे नियम, जरठ-कुमारी विवाह, स्वतः विलायती पोशाख करून बायकांना मात्र जुना धर्म सांगणारे नवशिक्षित, कथा-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, अशा एकेका विषयाचा त्या समाचार घेत जातात.

स्वागत झाले ते बहुतांशी प्रतिकूल. खुद्द सत्यशोधक वर्तुळातही टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उचलून धरली आणि त्यांचा उल्लेख लेकीसारख्या मायेने केला. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी एक प्रत शोधून काढून १९७५ मध्ये ते पुनर्मुद्रित केले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली होती. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचाच तो काळ असल्याने नव्या पिढीच्या वाचकांना ते पुस्तक जणू त्यांच्याचसाठी लिहिलेले वाटले. पुढे त्याची इंग्रजी भाषांतरे झाली. त्यांपैकी रोझलिंड ओ'हॅन्लन यांचे १९९४ चे भाषांतर व त्याची प्रस्तावना अभ्यासकांना परिचित आहेच.

तेव्हा यंत्राजवळ सामग्री म्हणून असणार ती एवढी : एक पुस्तक, त्यावरील एक समकालीन समर्थन, थोडीशी कौटुंबिक माहिती, आणि एका शतकाची पोकळी.

आता या पुस्तकाची भाषा पाहू. 'स्त्रीपुरुष तुलना' हा वऱ्हाडी बोलीतील ग्रंथ नव्हे. तत्कालीन छापील मराठीचेच वळण त्याला आहे. परंतु वाक्यांची घडण लिहिणाऱ्याची नसून बोलणाऱ्याची आहे. लेखिका कधी ईश्वराला प्रश्न विचारते, कधी पुरुषांना समोर उभे करून 'तुम्ही' म्हणून झाडते, तर कधी भगिनींकडे वळून हळू आवाजात बोलते. म्हणी येतात, घरगुती उपमा येतात, वाक्य मध्येच दिशा बदलते. प्रश्नामागून प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे वाचकाने आपल्या मनाशी द्यावयाची असतात. प्रस्तावनेत आपण मराठ्याच्या घरात कोंडलेली बाई आहो, हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, भाषा कठोर झाली आहे, अशा आशयाची कबुली त्या देतात. ही नम्रता काही अंशी रूढीची आहे; पण तीमधून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ज्या स्त्रीला सभेत उभे राहून बोलण्याची सोय नव्हती तिने सभेतले भाषण कागदावर केले. स्वर जागोजाग ऐकू येतो तो त्यामुळेच.

संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकु' नावाची एक संज्ञा आहे. तेच शब्द स्वराच्या वळणाने उलट अर्थ देतात, त्या वळणाला काकु म्हणतात. ताराबाईंच्या पुस्तकाचा निम्मा जोर काकूवर उभा आहे. पुरुषांच्या शौर्याची, पांडित्याची, एकपत्नीव्रताची स्तुती त्या करतात तेव्हा ती स्तुती नसते, हे डोळ्यांनी वाचणाऱ्यास मागील-पुढील संदर्भावरून उमगते. यंत्राने तेच वाक्य सपाट स्वरात वाचले तर उपहास गळून पडेल आणि केवळ स्तुती उरेल. आजची वाचनयंत्रे मराठी शब्दांचा उच्चार पुष्कळ शुद्ध करतात. वाक्यातील खोच मात्र त्यांना अजून साधलेली नाही, आणि ती साधावयाची तर आधी कोणीतरी माणसाने तो परिच्छेद समजून वाचलेला असावा लागेल.

याहून अवघड अडचण शब्दार्थाची. पुस्तकाच्या उपशीर्षकात स्त्रिया व पुरुष यांत 'साहसी' कोण, हे स्पष्ट करून दाखविण्याचा हेतू सांगितला आहे. आजच्या विद्यार्थ्याच्या मनात 'साहसी' म्हटले की गड चढणारा, संकटात उडी घेणारा शूर मनुष्य उभा राहतो. या अर्थाने वाचले तर पुस्तक स्त्रियांच्या व पुरुषांच्या शौर्याची तुलना करीत आहे असे वाटेल, आणि पहिली दहा पाने वाचताच वाचक गोंधळून जाईल. 'साहस' हा शब्द धर्मशास्त्रात एका व्यवहारपदाचे नाव आहे. बळजोरीने, धिटाईने, परिणामांची पर्वा न करता केलेले दंडनीय कृत्य, असा त्याचा अर्थ. ताराबाईंच्या शीर्षकातील 'साहसी' याच घरातला आहे, आणि ओ'हॅन्लन यांनीही त्याचे भाषांतर दुष्ट व अनीतिमान या अर्थानेच केले आहे. विजयालक्ष्मीच्या खटल्याशी हा शब्द जोडून पाहिला म्हणजे ग्रंथाचे स्वरूप उलगडते. न्यायासनापुढे एका स्त्रीचे साहस सिद्ध झाले होते. ताराबाई तोच आरोप उचलून प्रतिपक्षावर ठेवतात आणि पुराव्यामागून पुरावा मांडीत जातात. निबंध म्हणून छापला गेलेला हा मजकूर वस्तुतः आरोपीच्या बाजूची कैफियत आहे.

एका शब्दाचा अर्थ शंभर-दीडशे वर्षांत असा फिरतो. आजचे उत्तर देणारे यंत्र प्रायः आजच्या मराठीवर पोसलेले असते. त्याला 'ताराबाईंच्या मते साहसी कोण' असे विचारले तर ते शब्दाचा प्रचलित अर्थ घेऊन स्त्रियांच्या शौर्याचे गुणगान करण्याचा संभव पुष्कळ आहे. ते उत्तर ऐकावयास गोड वाटेल. ताराबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसेल.

आवाज ओळखणाऱ्या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बोललेले अंक ओळखणारे एक उपकरण तयार झाले. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीने सोळा शब्द ओळखणारी पेटी प्रदर्शनात मांडली. मराठीला या क्षेत्रात प्रवेश मिळावयास अर्धे शतक लागले. गूगलने बोलून टंकन करण्याची सोय मराठीत २०१७ मध्ये दिली, आणि प्रश्नोत्तरे करणारा त्यांचा ध्वनिसाहाय्यक मराठीत आला तो २०१८ मध्ये. २०२२ च्या जुलैत केंद्र शासनाने 'भाषिणी' या उपक्रमाचा आरंभ केला. मद्रासच्या आयआयटीतील 'एआयफॉरभारत' आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प हे भारतीय भाषांतील बोलण्याचे नमुने मोठ्या प्रमाणावर गोळा करीत आहेत. यांतील दुसऱ्याने तर जिल्हा हाच संग्रहाचा घटक धरला आहे. भाषाशास्त्रज्ञाला ही दिशा योग्य वाटल्यावाचून राहणार नाही.

गतकालीन व्यक्तीशी संवाद घडविण्याच्या दोन निराळ्या रीती आज प्रचारात आहेत, आणि त्यांतील भेद ताराबाईंच्या बाबतीत निर्णायक ठरतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील शोआ फाउंडेशनने नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या पिंखस गटर प्रभृती व्यक्तींना शेकडो प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच तोंडून चित्रित करून ठेवली. पाहणाऱ्याने प्रश्न विचारला की यंत्र त्याला सर्वांत जवळचे उत्तर शोधून समोर आणते. यंत्र तेथे केवळ निवड करते. नवे वाक्य रचीत नाही. दुसरी रीत याच्या उलट आहे. २०२३ च्या आरंभी ऐतिहासिक पुरुषांशी गप्पा करविणारे एक साधन प्रसिद्ध झाले. त्यात नाझी राजवटीतील गुन्हेगार आपल्या कृत्यांबद्दल खेद व्यक्त करताना आढळले, आणि शिक्षकवर्गाने त्यावर कडक टीका केली. जे त्यांनी जन्मात उच्चारले नाही ते त्यांच्या तोंडी घालण्यात आले होते. यंत्राला त्यात खोटे बोलावयाचे नसते; संभाव्य शब्दांची जुळणी करणे एवढेच त्याचे काम, आणि संभाव्य वाक्य नेहमी सौजन्याचे निघते.

ताराबाईंना सौजन्याचे बोलावयास लावणे ही त्यांची दुसरी मुस्कटदाबी ठरेल. त्यांच्या समकालीनांनी त्यांच्या कठोर भाषेवरच आक्षेप घेतला होता. आजचे यंत्र आक्षेप घेणार नाही. ते कठोरपणा घासून गुळगुळीत करील आणि त्यालाच ताराबाई म्हणेल. ज्यांची डझनभर पुस्तके, शेकडो पत्रे व भाषणे उपलब्ध आहेत त्यांच्याबाबतीत असे बनावट वाक्य मूळ सामग्रीशी ताडून पकडता येते. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने बरेच सुरक्षित आहे. जिचे एकच पुस्तक आहे तिच्या बाबतीत दहा बनावट वाक्ये प्रचलित झाली तर त्यांचे वजन मूळ पुस्तकाच्या बरोबरीचे होऊ लागते.

या ठिकाणी एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. वाचता न येणाऱ्या किंवा वाचनाची सवय नसलेल्या स्त्रीला ताराबाई कळाव्या कशा? पुस्तक एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या मराठीत आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही ते अडखळत वाचावे लागते. शिवाय ज्या परंपरेत ताराबाई वाढल्या ती ऐकणाऱ्यांची परंपरा होती. फुल्यांनी पोवाडा व अखंड रचले ते ऐकले जावेत म्हणून, आणि सत्यशोधक जलशांनी समाजाचा विचार अक्षरशत्रू शेतकऱ्यांपर्यंत नेला तो गाण्या-बोलण्यातूनच. तेव्हा ताराबाईंचे शब्द कानावाटे पोचविण्यात परंपराभंग काहीच नाही. यंत्र आणावे की न आणावे हा वादच त्यामुळे गौण ठरतो. ते काय ऐकते आणि कोणाच्या नावाने बोलते, इकडे लक्ष दिले पाहिजे.

ऐकण्याची कसोटी घ्यावयास वाशीमसारखे स्थान शोधून सापडणार नाही. बुलढाण्याच्या पूर्वेस लागून असलेला हा मुलूख ताराबाईंच्या हयातीत इंग्रजी अमलाखालील वऱ्हाडचा एक स्वतंत्र जिल्हा होता. कागदोपत्री त्याचे नाव 'बासिम'. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडला आणि वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० होती. वऱ्हाडी ही येथील मुख्य बोली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थस्थान असून तांड्यांतून गोरमाटी बोलली जाते. कारंजा व मंगरूळपीर या गावांत दखनीचा वावर आहे.

भाषांचे असे शेजार या भूमीला नवे नाहीत. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट वाशीमला मिळाला त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. राजाचे मोठेपण सांगावयास एक भाषा आणि गावकऱ्यांना बजावावयास दुसरी. आजचे यंत्र नेमके उलट वागते : गावकऱ्याशीही ते राजाच्या भाषेत बोलते.

वऱ्हाडीच्या काही लकबी येथे नमूद करणे इष्ट आहे. प्रमाण मराठीतील 'ळ' तेथे पुष्कळदा 'य' होतो : डोळा–डोया, शाळा–शाया, काळा–काया. 'ण' चा 'न' होतो : कोण–कोन, पाणी–पानी. द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय 'ले' : मले, तुले, त्याले. चालू क्रियेसाठी 'बोलून राहिली', 'करून राहिला' अशी योजना असते. प्रमाण मराठीच्या कानाला तिचा अर्थ बोलून झाल्यावर मागे थांबली असा वाटण्याचा संभव. कारण विचारावयाचे तर 'का' ऐवजी 'काऊन'. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद व नमुने आहेत. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले त्यात बोलणाऱ्यांचे आवाजही मुद्रित करून अभ्यासकांसाठी खुले ठेवले आहेत. ही सामग्री यंत्र शिकविणाऱ्यांनी वापरावयास हवी.

आता वाशीमची एक मुलगी यंत्रापुढे बसून विचारते असे समजा : "ताराबाईले राग काऊन आला?" चरित्राच्या दृष्टीने याहून चांगला प्रश्न नाही, सुरतेचा खटला, 'पुणेवैभव'मधील लेख, विधवांची स्थिती, सगळे काही या एका प्रश्नाच्या उत्तरात येते. परंतु यंत्र जर पुण्या-मुंबईच्या उच्चारांवर आणि जोडीला हिंदीवर शिकविलेले असेल, तर 'काऊन' हा शब्द त्याला हिंदी 'कौन' असा ऐकू येऊ शकतो. 'ले' हा प्रत्यय ते टाकूनही देईल किंवा 'ने' असा वाचील. मग 'राग का आला' याऐवजी 'राग कोणाला आला' असा प्रश्न उरेल, आणि उत्तर मिळेल ते ताराबाईंच्या टीकाकारांच्या रागाचे. दोन स्वरांच्या घोटाळ्यात ग्रंथाचे कारण नाहीसे होऊन त्यावरचा गहजब तेवढा शिल्लक राहिला! शिवाय मुलीच्या मनावर याचा एक परिणाम होतो. दोनदा न कळल्यावर ती तिसऱ्यांदा प्रमाण भाषेत प्रश्न विचारते, किंवा विचारतच नाही. आपली बोली यंत्रालाही समजत नाही, हा धडा ती ताराबाईंच्या चरित्राआधी शिकते. घरात कोंडलेल्या बाईच्या भाषेला मान मिळावा म्हणून जिने ग्रंथ लिहिला, तिच्याच चरित्राच्या दारात हे घडावे हे शोचनीय होय.

उत्तर देणाऱ्या आवाजाचा प्रश्न याच्या जोडीला आहे. ताराबाई घरात कशी भाषा बोलत? बुलढाण्याच्या म्हणून वऱ्हाडी म्हणावे, तर मराठा घराणे, कचेरीतील वडील, घरचे संस्कृत-इंग्रजीचे शिक्षण यांचा संस्कार विसरता येत नाही. पुण्यात छापलेल्या पुस्तकावरून प्रमाण बोलत असे म्हणावे, तर छापखान्याची शुद्धलेखनाची शिस्त हीच लेखिकेची वाणी असे गृहीत धरल्यासारखे होते. यांपैकी कोणताही उच्चार यंत्राला दिला तरी ते एक ऐतिहासिक विधान होते, आणि त्याला पुरावा नाही. आवाज ही सजावट आहे असे समजून तंत्रज्ञ तो सूचीतून निवडतात. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या निवडीकडे पुराव्याच्या प्रश्नासारखे पाहिले पाहिजे.

यातून वाट निघते ती व्याकरणाच्या बाजूने. मराठीत 'म्हणे' हा एक लहानसा शब्द आहे. 'ती फार शिकलेली होती म्हणे' यात बोलणारा माहिती देतो आणि त्याच श्वासात ती ऐकीव असल्याचेही सांगतो. प्रत्यक्ष पाहिलेले, वाचलेले व ऐकलेले यांतील भेद दाखविण्याची अशी साधने बोलींत तर मुबलक आहेत. यंत्राची उत्तरे या धर्तीवर बांधता येतील. 'मी लिहिले', 'मला वाटले' असे प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी ताराबाईंचे सोंग त्याने घेऊ नये. पुस्तकातील उतारा असेल तर तो उतारा म्हणून, पृष्ठ सांगून वाचावा. फुल्यांचे मत असेल तर ते 'सत्सार'चे म्हणून सांगावे. नंतरच्या अभ्यासकांचा तर्क असेल तर 'म्हणे' लावून सांगावा. शोआ फाउंडेशनच्या यंत्राप्रमाणे निवड करावी, रचना करू नये. ताराबाई केव्हा वारल्या असे कोणी विचारले तर '१९१० च्या सुमारास असे मानतात' एवढे सांगून थांबावे. ज्या स्त्रीच्या मृत्यूची नेमकी तारीखही मागे उरलेली नाही तिच्याविषयी ते थांबणेच पुष्कळ काही शिकवून जाते, आणि यंत्राला गप्प बसावयास शिकविणे हे त्याला बोलावयास शिकविण्याहून अवघड असल्याचे तज्ज्ञही मान्य करतात.

उतारे वाचावयाचे ते कोणी, हे ठरविणे त्या मानाने सोपे आहे. ते वाशीम-बुलढाण्याकडील स्त्रियांनी, आपापल्या उच्चारात वाचावेत, आणि वाचणारी कोण हे प्रत्येक वेळी ऐकविले जावे. मग तो आवाज ताराबाईंचा म्हणून कोणी फसणार नाही. त्यांचे पुस्तक दीड शतकानंतर शेजारच्या जिल्ह्यातील एक बाई वाचीत आहे, एवढेच तो सांगेल. एकीच्या वाचनात 'ळ' खणखणीत येईल, दुसरीच्या वाचनात त्याचा 'य' होईल. तांड्यावरची मुलगी तिसऱ्याच ठेक्यात वाचील. हेच आवाज पुढे यंत्राला प्रश्न ऐकावयास शिकविण्याच्याही उपयोगी पडतील, आणि 'काऊन' म्हणजे 'का' हे त्याला ठाऊक होईल. प्रारंभ उपशीर्षकापासून करावा. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हे वाचताना त्या शब्दावर वाचणारीचा आवाज चढतो की उतरतो, याची नोंद आधी घेतली पाहिजे. कारण शब्दाचा जुना अर्थ तिला कळला आहे की नाही, हे पहिल्यांदा तेथेच ऐकू येईल.